अव्वेनंतर नव्वा नाही

ताडपत्री उडाली आणि थेट एका परक्या माणसाच्या तोंडावर जाऊन बसली. गोष्ट सुरू झाली ती अशी.

मकनसा यायची होती. मकनसा म्हणजे केरसुणी. थंडीतली आमची पहिली नव्वा, समुद्र झाडून काढणारी. वादळाला आम्ही अलेक्झांड्रियातले लोक नव्वा म्हणतो, आणि प्रत्येक नव्वेला नाव असतं, येण्याची ठरलेली वेळ असते. मकनसेनंतर कासिम, मग मोठी फैदा, मग करम, आणि वसंताच्या उंबरठ्यावर शेवटची अव्वा. अनफूशीतल्या पोरांना पाढे येत नसतील, पण नव्वा तोंडपाठ असतात.

त्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर इशारा चालू होता. पश्चिमेला मतरूहपासून पाऊस सुरू होईल, अगमीत रस्त्यांवर पाणी साचेल, अनफूशीत लाटा कठड्यावरून आत येतील, पूर्वेला रशीदपर्यंत जोराचा वारा राहील, आणि बोगाझ, म्हणजे आमच्या बंदराचं तोंड, दुपारपासून बंद. होड्या आधीच काठाला येऊन एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. इन्शिराहच्या भट्टीवर मात्र ताडपत्री अजून बांधायची होती, आणि ती बांधायला तिची मुलगी बुसैना स्टुलावर चढली होती.

ही भट्टी माझ्या खिडकीच्या अगदी समोर. मध्ये एक गल्ली, तीही अशी की दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागं फिरावं लागतं. तेव्हा जे सांगते ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते बुसैनानं नंतर सांगितलं, आणि तिला खोटं बोलता येत नाही.

तर ताडपत्री सुटली. स्टुलावरून उतरून बुसैना धावली. गल्लीच्या तोंडाशी एक उंच मुलगा त्या निळ्या ताडपत्रीत गुरफटून उभा होता, डोकं बाहेर काढण्याच्या खटपटीत.

“तुमची का ही?” डोकं बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

“आमचीच. द्या.”

“देतो... पण एवढा रस्ता मोकळा पडलाय, समोर समुद्र आहे, आणि ही नेमकी माझ्याच तोंडावर?”

“वाऱ्याला अक्कल नसते,” बुसैना म्हणाली.

“असेल, असेल. मला तर त्याची निवड आवडली.”

बुसैना वळून चालायला लागली. ताडपत्री तिनं ओढून घेतली नाही, तोच ती घेऊन तिच्यामागून आला, आणि स्टुलावर न चढताच त्यानं चारही टोकं अशी गाठ मारून बांधली की पुढचे सगळे दिवस वारा तिच्याशी झटत राहिला आणि ती जागची हलली नाही. मग त्यानं स्वेटरच्या आतून, पोटापाशी लपवलेली मातीनं माखलेली रताळी काढली.

इन्शिराहची भट्टी माशांची. लोक बाजारातून मासे घेऊन येतात, ती त्यांना गव्हाचा कोंडा चोळून तापलेल्या पत्र्यावर भाजते, लसूण-जिऱ्याच्या खारट पाण्यात बुडवते आणि कागदात बांधून देते. बुसैनानं त्याला सांगितलं की इथं रताळी भाजली तर त्यांना बोय माशाचा वास लागेल.

“लागू दे,” तो म्हणाला. “समुद्र बंद आहे. निदान वास तरी मिळेल.”

रताळं त्यानं उभ्या उभ्या खाल्लं, चेहरा अगदी गंभीर ठेवून. कसं झालंय म्हणून तिनं विचारलं. फार वाईट, तो म्हणाला, उद्या पुन्हा येतो. जाताना त्यानं नाव सांगितलं, याकूत. आईनं सिदी याकूतच्या दर्ग्यात नवस केला होता म्हणून ते ठेवलेलं. बुसैनानं त्याच्या स्वेटरच्या भोकांकडे पाहिलं आणि म्हटलं, नाव रत्नाचं आणि अवतार हा. तो हसला. “रत्न सुटंच मिळतं,” तो म्हणाला, “कोंदण नंतर करायचं असतं...” आणि पावसात निघून गेला. बुसैना बराच वेळ तो रिकामा पत्रा पुसत राहिली.

याकूत रशीदच्या बाजूचा. रईस शल्बीच्या होडीवर नुकताच खलाशी म्हणून लागला होता. रईस म्हणजे आमच्याकडे होडीचा तांडेल. समुद्र उघडा असला की तो पाण्यावर, आणि पाण्यावरून आला की थकून होडीतच झोपलेला. त्याला जमिनीवर फुरसत मिळायची ती फक्त नव्वेत. म्हणून त्या हिवाळ्यात त्यांचं प्रेम वाढलं ते नव्वेनव्वेनं. कासिममध्ये तो रोज आला. मसुराच्या गरम कढणाचा वाडगा दोन्ही हातांत धरून भट्टीशी बसायचा, बुसैना चाकूला धार लावत बसायची, आणि दोघं असं काही बोलायचे की ज्यात काहीच नसायचं. रशीदचे खजूर चांगले की सीवाचे. बोयीची गाबोळी तळावी की वाळवावी. एकदा त्यानं तिच्या बोटावरची कापल्याची जुनी खूण बघितली आणि विचारलं दुखतं का. तिनं सांगितलं, फार जुनी आहे. तरी तो त्या बोटाकडे बघत राहिला आणि तिनं हात ओढून घेतला नाही.

प्रेमात पडलेल्या मुली चंद्र बघतात म्हणे. आमची बुसैना हवामानाची बातमी बघायची. टीव्हीवर ती बाई नकाशापुढे उभी राहून सांगायला लागली की कुठं पाणी भरेल, कुठं शाळा बंद राहतील, कुठं रस्ता तुटेल, की हिचे कान टवकारायचे. आणि बोगाझ बंद हे शब्द आले की ही मान खाली घालून मासा नसलेली फळी धुवायला लागायची.

आता इन्शिराहबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिच्या नवऱ्याला समुद्रानं नेलं तेव्हा बुसैना रांगत होती. तो नव्वेत गेला नाही. नव्वेत कुणीच जात नाही, सगळे काठावर असतात. तो गेला अव्वेनंतर, ऊन पडलेलं असताना, होड्यांना नवा रंग लागलेला असताना. आमच्याकडे म्हणच आहे, अव्वेनंतर नव्वा नाही. पोरीबाळींची लग्नं म्हणून अव्वेनंतरच काढतात. समुद्र उघडतो, घरात चार पैसे येतात, मांडवाला वाऱ्याची भीती नसते. पण त्या वर्षी एक वादळ आलं, वेळ नसलेलं, नाव नसलेलं, आणि दुपारभर राहून निघून गेलं. त्या दिवसापासून ही बाई उलटी जगते. बाहेर लाटा कठड्यावर डोकं आपटत असतात तेव्हा ती गाणं गुणगुणत भांडी घासते, दुपारी गाढ झोपते. आणि अव्वा झाली, आभाळ निळं झालं, की तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सगळी गल्ली गच्चीवर कपडे वाळत घालत असते आणि इन्शिराह खिडकीची झडप लावून घर आणि भट्टी एवढ्यातच राहते.

बुसैना याच घरात वाढली. म्हणून वारा वाढला की तिच्या मनात आधी यायचं, तो येणार. त्यामागून यायचा बाप, ज्याचा चेहराही तिला आठवत नव्हता, आणि मग तिला स्वतःची लाज वाटायची. मोठ्या फैदेत गल्लीच्या उताराकडच्या घरांत पाणी शिरलं. बुसैना शेजारणीच्या गाद्या डोक्यावरून वाहत होती, याकूत दुसऱ्या टोकानं म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन वर आणत होता, आणि मधल्या जिन्यात दोघं समोरासमोर आले की ही चिंब भिजलेली पोर हसत होती. नंतर माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती रडली. म्हणाली, मावशी, लोकांच्या घरात पाणी आहे आणि मला सुख होतंय, मी कसली माणूस आहे? मी तिला चहा दिला.

मागणी घालायची तीही आमच्याकडे नव्वेत. पुरुष घरी सापडतात तेव्हाच ना. करमच्या वाऱ्यात याकूत न्हाऊनधुऊन, रईस शल्बीला वडीलधारा म्हणून पुढं घालून, मिठाईचा डबा घेऊन इन्शिराहच्या घरी गेला. शल्बी मनानं वाईट माणूस नाही. फक्त त्याला वाटतं की समुद्र त्याच्या आजोबांनी खणला. त्यानं मुलाची तारीफ केली, हाताला कष्टाळू आहे, जुगार नाही, सिगारेट नाही. इन्शिराहनं सगळं ऐकून घेतलं. बुसैना पडद्यामागं ट्रे धरून उभी होती, आणि ट्रेमधले पेले एकमेकांवर वाजत होते.

“नव्वेत मागणी घालता तुम्ही लोक,” इन्शिराह म्हणाली. “अव्वेनंतर लग्न लावता. आणि मग बायकोच्या हातात एक खिडकी देऊन निघून जाता.”

शल्बी म्हणाला, रिझिक, आपली रोजीरोटी, समुद्रात आहे, इन्शिराह, करणार काय.

याकूत पुढं सरकून बसला. आता तो बोलला. “मावशी, समुद्र सोडतो म्हणालो तर ते खोटं होईल. मला दुसरं काही येत नाही. पण एवढं सांगतो... इशारा आला की मी जाणार नाही. त्या वादळाला नाव असो नसो, त्याची वेळ असो नसो. जाणार नाही.”

शल्बी हसला. लग्नाआधी माणूस काय वाटेल ते बोलतो, तो म्हणाला, मीही माझ्या बायकोला मक्केला नेणार होतो. इन्शिराह हसली नाही. तिनं याकूतकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, चहा घ्या, निवतोय. होकार नाही, नकार नाही. मिठाईचा डबा तसाच, दोरी न सोडता, कपाटावर गेला.

ती दोरी सुटली नाही तर पुढं काय, हे बुसैनाला ठाऊक होतं. तिनं मला साफ सांगितलं होतं की आईला रडवून ती त्या घरातून निघणार नाही. आणि याकूतशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरात जाणार नाही. म्हणजे ती भट्टी, तो पत्रा आणि ती बंद झडप, जन्मभर. विशीतली पोर हे बोलत होती आणि तिच्या आवाजात जराही नाटक नव्हतं.

अव्वा आली, पाय आपटून गेली. आभाळ उघडलं. होड्यांना हिरवा-पांढरा रंग लागला, गल्लीत दोन लग्नं ठरली, गच्च्यांवर गालिचे वाळायला पडले. इन्शिराहनं झडप लावून घेतली.

आणि मग एका दुपारी, भट्टीवर गर्दी असताना, टीव्हीवर तीच नकाशापुढची बाई आली. हिवाळ्याचं एक उशिराचं वादळ समुद्रातून येतंय, तिनं सांगितलं. उद्या मतरूहपासून दमियत्तापर्यंत सगळ्या किनाऱ्याला बसण्याची शक्यता, लाटा उंच, वारा वायव्येचा, मच्छीमारांनी जपून राहावं. बाहेर असं लख्ख ऊन होतं की माशीचीसुद्धा सावली पडावी. गिऱ्हाईकं हसली. इन्शिराहनं हात पुसले, टीव्ही बंद केला आणि कोंडा चाळायला बसली. बुसैनानं याकूतकडे निरोप पाठवला नाही. त्यानं कुणी सांगितलं म्हणून थांबावं असं तिला नको होतं.

सकाळी मात्र ती किनाऱ्यावर गेली. मीही गेले. खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले होते.

समुद्र शांत पडला होता. शल्बीच्या होडीचं इंजिन सुरू झालं होतं, माणसं चढत होती, आणि याकूत खाली फळीपाशी उभा होता, खांद्यावर पिशवी.

“चढ,” शल्बी म्हणाला.

“रईस, इशारा आहे.”

“आभाळाकडे बघ.”

“बघितलं.”

“अव्वा झाली. अव्वेनंतर नव्वा नाही, हे दूध पितं पोरही सांगेल तुला.”

“मी शब्द दिलाय, रईस. तुमच्यासमोरच दिला होता.”

शल्बीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. सगळ्या होड्यांवरची माणसं बघत होती. तो म्हणाला, आज नाही चढलास तर पुन्हा कधी चढायचं नाही, माझ्याच नाही, इथल्या कुठल्याच होडीवर. याकूतनं मान हलवली. फळीवर ठेवलेलं त्याचं मेणकापडाचं जाकीट उचललं, घडी केली, पिशवीत घातलं. मागून कुणीतरी म्हणालं, याचा निकाह टीव्हीशीच लावून द्या, आणि तो हशा होडीहोडीवरून पुढं सरकत गेला, अगदी बंदराच्या तोंडावरच्या किल्ल्यापर्यंत. मग होड्या निघाल्या.

तो कठड्यावर बसला. बुसैना त्याच्याजवळ जाऊन बसली, मध्ये एक हात अंतर ठेवून. मी जाळ्यांच्या ढिगाआड होते; लाज असती तर गेले असते.

“घरी जा,” तो म्हणाला. “तुझ्यावरही हसतील.”

“हसू देत.”

समुद्रावर एक लाट म्हणून नव्हती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “वादळ यावं... असं वाटतंय तुला?”

होड्या गेल्या त्या दिशेला त्यानं पाहिलं. “मघाशी हसले ना सगळे... तेव्हा वाटलं. एकदाच. मग आठवलं, त्या होडीवर मी ज्यांच्या ताटात जेवलोय ती माणसं आहेत. न येवो. मी खोटा ठरू दे.”

“मी पहाटेपासून तेच मागतेय,” बुसैना म्हणाली. “तू खोटा ठरावास म्हणून दुआ करतेय. हिवाळाभर मी वादळं मागितली, याकूत. तू यावास म्हणून. आज पहिल्यांदा मागतेय की येऊ नये.”

तो तिच्याकडे बघायला लागला. “कुणी आपल्या माणसाचं तोंड काळं व्हावं म्हणून दुआ करतं का?”

“मी करते.”

“आपल्या माणसाचं, म्हणालीस तू.”

“तू म्हणालास.”

“तू नाकारलं नाहीस...”

“नाही नाकारलं,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “आहे माझं प्रेम. होडी असो नसो. आता काय गल्लीत उभी राहून ओरडू?”

मधलं ते हातभर अंतर तसंच राहिलं. पण त्या अंतरात, दगडावर, त्याची पालथी बोटं आणि तिचं कापल्याची खूण असलेलं बोट शेजारी शेजारी होती. मी तिथून उठले. तेवढी लाज मला आहे.

वादळ आलं नाही. दुपारी जरा ढग आले, चार थेंब पडले, आणि वादळ वाटेत वळून सायप्रसकडे गेलं असं संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी होड्या परत आल्या त्या काठोकाठ भरून. तारली इतकी की मांजरींनीही तोंड फिरवलं. सगळी अनफूशी मासे घेऊन इन्शिराहच्या भट्टीवर लोटली आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विनोद. याकूतला विचारा, उद्या बर्फ पडणार का. याकूतला छत्री द्या. बुसैना पत्र्यापाशी उभी होती, धुरानं डोळे लाल, आणि तिनं एकालाही उलट उत्तर दिलं नाही. आईनंही दिलं नाही. आई फक्त मासे उलथत होती.

याकूत गल्लीच्या टोकाला कुणाचं तरी फाटलेलं जाळं विणत बसला होता. होडी गेली होती, पण पोटाला सुट्टी नसते. त्याला सगळं ऐकू येत होतं.

शेवटी शल्बी आला, खांद्यावर टोपली, टोपलीत हाताएवढ्या बोयी. तो खुशीत होता आणि खुशीत माणूस जरा जास्तच बोलतो. “इन्शिराह,” तो म्हणाला, “तुझ्या जावयाला निरोप दे. सायप्रसला पाऊस झाला म्हणावं.”

इन्शिराहनं उलथणं खाली ठेवलं. झग्याला हात पुसले. पत्र्यावरची सगळ्यात मोठी भाजलेली बोय कागदावर घेतली आणि भट्टी तशीच सोडून चालायला लागली. ऊन होतं. आभाळ निळं होतं. अशा दिवशी तिला भट्टीच्या पुढं पाऊल टाकताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ती थेट याकूतपाशी जाऊन उभी राहिली, आणि तो जाळं टाकून उठला.

“वादळ आलं असतं,” ती म्हणाली, “तर मी म्हटलं असतं, नशिबाचा आहे, वाचला. त्यात तुझं काही नव्हतं. पण ते आलं नाही, आणि तू ते जन्मभर ऐकणार आहेस.”

“हो, मावशी.”

“बुसैनाच्या बापाचंही मन त्या सकाळी जायला घेत नव्हतं. मला म्हणाला, हवा बरी वाटत नाही, आज राहतो. होडीपाशी सांगायला गेला. तिथं लोक हसले.” ती वळली नाही, पण तिचा आवाज भट्टीपर्यंत आला. “म्हणून चढला. सगळे म्हणतात त्याला वादळानं नेलं. वादळानं नाही नेलं, बाळा. त्याला हसणं सोसलं नाही.”

शल्बीनं टोपली खाली ठेवली. त्या वेळी तोही तरुण होता, त्याच काठावर होता. तो कुणाकडेच बघत नव्हता.

इन्शिराहनं कागद याकूतच्या हातात दिला. “खा. गरम आहे. रईसची आहे, पण त्याला चालेल.” आणि मग वळून, सगळ्या गल्लीसमोर, मुलीला म्हणाली, “बुसैना, कपाटावरचा डबा काढ. दोरी सोड.”

मिठाई केव्हाच दगड झाली होती. तरी सगळ्यांनी खाल्ली, शल्बीनं दोनदा घेतली.

बायकांना वाटलं, अव्वा झालीच आहे, आठवड्यात बार उडवून टाकू. इन्शिराह नाही म्हणाली. लग्न मकनसेत, ती म्हणाली. वादळात का कुणी मांडव घालतं, असं सगळ्यांनी तिला समजावलं, मीही समजावलं. ती ऐकेना. आणि याकूतनं पहिल्यांदा सासूची बाजू घेतली. त्याला कारण विचारावं लागलं नव्हतं.

उन्हाळा त्यानं जाळी विणत, होड्या खरवडत काढला. उन्हाळा सरता सरता शल्बी त्याच्यापाशी आला, शेजारी बसला, सिगारेट संपवली आणि म्हणाला, “चल उद्यापासून. होडीवर एक तरी भित्रा हवा.” तेव्हापासून निघण्याआधी शल्बी आभाळाकडे बघतो आणि मग, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, याकूतकडे बघतो.

मकनसा आली. सकाळपासून टीव्हीवर इशारा. मतरूहपासून पाऊस, अगमीत पाणी, अनफूशीत लाटा कठड्यावरून आत, रशीदचा रस्ता बंद होण्याची शक्यता, म्हणून याकूतच्या आईला आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. बोगाझ बंद. आमच्या गल्लीत एवढं मोठं लग्न कधी झालं नाही, कारण एकही पुरुष समुद्रावर नव्हता. निळ्या ताडपत्रीखाली ढोल वाजत होते, वरून पाऊस वाजत होता, आणि ताडपत्रीच्या चारही टोकांना त्याच गाठी होत्या, एकही सुटली नाही. बुसैनानं पांढरा पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून धरला होता, कारण पायाखालून पाणी वाहत होतं. याकूतच्या अंगात नवा स्वेटर होता, तिनं विणलेला, एक बाही जरा लांब असलेला.

मिरवणूक गल्लीत शिरली तेव्हा सगळे इन्शिराहला शोधायला लागले. ती भट्टीच्या उबेत, खुर्चीवर, भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड जरासं उघडं. बाहेर लाट फुटली की जमीन हादरत होती, बायका जगरूता, म्हणजे जीभ हलवून काढायच्या आनंदाच्या किलकाऱ्या, काढत होत्या, आणि ती झोपली होती. बुसैना वाकली, आईच्या खांद्याला हात लावायला गेली.

याकूतनं तिचा हात धरला.

“झोपू दे त्यांना,” तो म्हणाला. “आज सगळे काठावर आहेत.”